भोकरीचा सिरका

सॅलडची पानं धुतली की झुंबर सोनवणे ती ओली ठेवत नाही. जुन्या धोतराच्या फडक्यात एकेक पान घेऊन, लहान मुलाचे कान पुसावेत तसं पुसतो. पाणी राहिलं की तेल पानाला धरत नाही. मग वाडग्यात आधी द्राक्षाचा सिरका. त्यात मीठ, आणि ते विरघळेपर्यंत थांबायचं. चिमूटभर साखर, थोडी मोहरीची पूड, आणि मग सिरक्याच्या तिप्पट करडईचं तेल, बारीक धार धरून. काट्याने फेटत राहायचं. एकमेकांपासून पळणारं तेल आणि सिरका हळूहळू एकमेकांत शिरतात, दाटसर पिवळं काहीतरी तयार होतं. ते फार वेळ टिकत नाही. पानं वाढायला बसल्यावरच ते वर घालायचं आणि हाताने हलकेच कालवायचं.

नाशिकरोडच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या घरात थंडीतल्या रविवारी हे चालतं. पानं अंगणातल्या पत्र्याच्या डब्यांत लावलेली असतात. बायको, लंकाबाई, भाकरी थापता थापता म्हणते, "गवतच खायचं तर डब्यापाशी बसून खावं ना माणसानं. ताट कशाला खरकटं करायचं?"

"तुला नको तर राहू दे."

"राहू दे कसं? एवढं पुसून पुसून ठेवलंय." आणि ती दोन पानं उचलते. तोंड वाकडं करते, पण खाते.

झुंबर हे शिकला देवळालीच्या एका बंगल्यात. मालकीण माणेकबाई, पारशी, एकट्या. मुंबईची हवा मानवेना म्हणून कायमच्या इकडे राहायला आलेल्या. दुपारच्या जेवणात त्यांना हिरवी पानं लागत. पाला यायचा भगूरहून, दारणेकाठच्या मळ्यातून. सुरुवातीला म्हातारा माळी आणायचा. त्र्याहत्तर सालच्या थंडीत त्याची मुलगी चांगुणा आणू लागली.

ती पाटी मागच्या ओट्यावर ठेवायची आणि झुंबर पानं निवडेपर्यंत उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "ओ आचारी, ह्या पाल्याचं तुम्ही करता तरी काय? आम्ही पिकवतो, पण खात नाय. कडू लागतो."

"काय नाय, तेल, मोहरी, मीठ, आंबट. झालं."

दुसऱ्या दिवशी ती आली ती हसू दाबतच. "तुमचं ऐकून केलं बरं का. लय वास सुटला, सगळं घर गोळा झालं. अन् ताटात बघते तर लगदा."

झुंबरला कळेना. मग कळलं. तेल आणि मोहरी म्हटल्यावर तिने कढई चढवली होती. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि ती चरचरीत फोडणी कोवळ्या पानांवर ओतली गेली. वर लिंबू.

"अगं, तेल तापवायचं नाय."

"कच्चं तेल? कच्चं तेल केसाला लावतात."

"खाऊन बघ, मग बोल. मी करून देतो."

तो आत जायला वळला तशी ती म्हणाली, "मालकिणीच्या बाटलीतलं आंबट नको. चोरून खाल्ल्यागत होईल. तुमचं सोताचं असलं तर खाईन."

झुंबर जागीच थांबला. तो बौद्धवाड्यातला, ती माळ्याची. तिच्या घरी त्याच्या हातचं पाणी चाललं नसतं. पाटी उचलून देतानासुद्धा ती दोघं एकेका टोकाला धरत. खाईन, असं ती सहज बोलली होती, पण बोलून झाल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिलाही ते कळलं होतं.

सिरका स्वतःचा करायचा तर द्राक्षं हवीत. फाल्गुनात तीच घेऊन आली, पाल्याच्या पाटीत खाली लपवून. शेजारच्या मळ्यातली, भोकरी जातीची, गळून पडलेले घड. झुंबरने ती चिनी मातीच्या बरणीत चुरगळली आणि वर फडकं बांधलं. पुढे रोज पाटी ठेवली की ती आधी बरणीशी जाई.

"बुडबुडे येतात."

"येऊ दे."

"दारूचा वास येतो. मालकीण हाकलून देईल तुम्हाला."

"दारू होते आधी. मग आंबते. घाई करून चालत नाय."

चोथा गाळून झाला. रसावर पातळ, चिवट साय धरली. चांगुणाने बोट लावून पाहिलं आणि शहारली. "अन् कधी व्हायचा हा?"

"वैशाखात."

तेव्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. वैशाखात पाला नसतो. उन्हं तापली की पानं उंच दांडा धरतात, कडूजहर होतात. चैत्रातच तिची शेवटची पाटी आली. पानं राठ होती. झुंबरने तरीही ती निवडली, नेहमीपेक्षा सावकाश.

"थंडीत," ती म्हणाली. "पहिल्या पाटीला. मुरू दे तवर."

"मुरू दे," तो म्हणाला.

तिच्यासारख्या मुलीच्या आयुष्यात वैशाख म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बरणीत सिरका होता, आणि तिने थंडी म्हटलं होतं. माणूस एवढ्यावर सबंध पावसाळा काढतो. सिरका उत्तम झाला, काचेत धरला तर चहासारखा लाल दिसायचा. कार्तिकात त्याने नवा काटा आणला, एक पांढरी बशी आणली, कोणाचीच नसलेली.

पहिली पाटी आली ती तिच्या थोरल्या भावाच्या, मोतीरामच्या डोक्यावर.

"चांगुणा?" झुंबरने पानं निवडत विचारलं. मान वर केली नाही.

"तिचं लगीन झालं की, वैशाखात. नामपूरला दिली. कांदेवाले हायत, बरं हाय घर."

झुंबरने पानं निवडली आणि माणेकबाईंसाठी रोजच्यासारखी केली. बरणी त्याने उघडली नाही. ओतूनही दिली नाही. पुढल्या फाल्गुनात मात्र भोकरीचे घड विकत आणले आणि जुन्या सिरक्यावर नवा रस घातला. दह्याला विरजण ठेवावं तसं दर वर्षी थोडं मागे ठेवत गेला. लंकाबाई घरात आली, मुलं झाली, माणेकबाई गेल्या, बंगल्याला कुलूप लागलं. झुंबर एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागला. नाशिकरोडला येताना टेम्पोत बरणी त्याने मांडीवर धरली होती. लंकाबाईने तेव्हाही काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पोराला घ्या दुसऱ्या मांडीवर."

शहाऐंशीच्या हिवाळ्यात कँटीनची भाजी घ्यायला तो मार्केटयार्डात गेला होता. कोबीच्या ढिगामागून कोणीतरी हाक मारली. मोतीराम. केस पिकलेले, आवाज तोच. दोघांनी चहा घेतला.

"पाला लावतोस का अजून?"

"कुठला. मिलिटरीवाले नेतात तेवढा." मोतीराम बशीत चहा ओतत म्हणाला, "पाल्यावरनं आठवलं. आमच्या चांगुणानं तिकडं एक खूळ काढलंय. मेथी म्हणू नका, कोवळा मुळा म्हणू नका, धुते, फडक्यानं एकेक पान पुसत बसते. अन् वर लिंबू, मीठ, कच्चंच तेल. फोडणी नाय, काय नाय. सासू तिकडच्या बोलीत गावभर सांगते, सून येडी शे. कुठनं शिकली कोण जाणे. आमच्याकडं तर असं कोण करत नाय."

झुंबरने कप खाली ठेवला. त्याने तिला कधी करून दाखवलं नव्हतं. ओट्यापलीकडून नुसतं बोलून सांगितलं होतं, पुसायचं कसं आणि कालवायचं कसं. खाण्याचं राहून गेलं होतं. सिरक्याच्या जागी ती इतकी वर्षं लिंबू पिळत होती.

"तिकडं जाणं होतं का?"

"पुढल्या आठवड्यात जायचंय. तिच्या थोरल्या दिराच्या पोरीची सुपारी हाय."

घरी येऊन झुंबरने बरणी खाली काढली. एक औषधाची जुनी बाटली होती, ती धुऊ लागला. लंकाबाई बघत होती.

"कुणाला?"

"नामपूरला. पूर्वी एक पोरगी पाला आणायची, देवळालीला."

लंकाबाई उठली. मांडणीवरून सरबताची उभी, चांगली बाटली काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. "ह्यात द्या. त्या बाटलीला औषधाचा वास लागंल." मग स्वतःच फडक्याने ती आतून कोरडी करत बसली.

मोतीरामने बाटली उजेडात धरून पाहिली. "दारू नाय ना?"

"सिरका हाय. भोकरीचा. तळाचा गाळ टाकायचा नाय म्हणावं, त्यावर नवा होतो."

"बरं. अन् आणखी काय सांगू?"

झुंबरने बाटलीचं बूच आणखी घट्ट दाबलं.

"सांग, लिंबू आता नको." मग म्हणाला, "अन् म्हणावं, तेल तापवू नको."

"ती तापवतच नाय, सांगितलं ना तुला."

"तरी सांग."