जागी राहिलेली स्क्रीन

माझ्या कॉम्प्युटरला शांत बसलेला माणूस ओळखता येत नाही. पुढचं वाक्य सुचेपर्यंत मी जरा थांबलो, की समोर कोणीच नाही असं समजून तो स्क्रीन काळी करतो. मग माउस हलवून मी जिवंत असल्याचं त्याला कळवतो. काल दुपारी वैतागून मुलीला बोलावलं. तिने सेटिंग उघडलं. स्क्रीन किती वेळाने बंद करायची, या प्रश्नाला मी ‘कधीच नाही’ हे उत्तर निवडलं.

“एवढ्यासाठी हाक मारलीस, बाबा?” म्हणत ती गेली.

आता हवं तेवढं निवांत बसता येणार होतं. पण नजर शेजारच्या कॉटकडे गेली. तिथे आई तोंडावर पदर ओढून झोपली होती. दवाखान्यातून परत आल्यापासून ती झोपेत जराही हलत नाही. पदर तेवढा हलत होता, पण तो श्वासाने की पंख्याच्या वाऱ्याने, ते कळेना. कॉम्प्युटरला हसणारा मी, माझी अक्कल तरी त्याच्यापुढे कुठे गेली होती? घाबरून मी उठलो आणि पंखा बंद केला.

पदर थांबला.

“आई,” मी कशीबशी हाक मारली.

“पंखा का बंद केलास रे?” पदराआडून आवाज आला. “उकडून मारतोस का मला?”

मी पंखा लावला. पदर पुन्हा हलायला लागला, आणि श्वास कुठला, वारा कुठला, ते मला पुन्हा कळेनासं झालं.