डोळे मिटून पारखलेली बंदूक

अबू हमूरमधले आमचे कतारी शेजारी कुठलीही वस्तू हातात धरून, डोळे मिटून पारखतात. आंबासुद्धा. खांदा दुखावल्यापासून त्यांना जड बंदूक पेलवेना, म्हणून भावाबरोबर परदेशी जाऊन केलेली डोंगरातली तित्तिरांची शिकार सुटली होती. सगळं दोहा फुटबॉल वर्ल्ड कपची वाट पाहत होतं, आणि हे एका जुन्या, हलक्या पंप-शॉटगनसाठी पोरासारखे अधीर! बंदुकीच्या दुकानात मलाही नेलं आणि आपल्या हिंदीत पारख समजावली.

"आँख बंद, बंदूक कंधे पे. फिर खोलो. जिधर नजर, उधर नली."

एनसीसीच्या गमजा मारून बसलेला मी आधी पुढे सरसावलो. समोरच्या घड्याळाकडे बघून डोळे मिटले, उघडले, तर नळी छताजवळच्या एसीवर.

"एसी मार दिया, दोस्त!"

मग त्यांनी बंदूक उचलली. खांदा कुरकुरला नाही. डोळे उघडले, तर नळी नेमकी समोरच्या घड्याळावर. "खलास! बस, यही चाहिए."

परवाना येईपर्यंत बंदूक दुकानातच राहणार होती. तरी पार्किंगमध्ये हे रिकाम्या हातांनीच नेम धरून, पंप मागेपुढे ओढल्यासारखं तोंडाने खटक-खटक करत चालले.

"यल्ला, चलो, उडो!"

मी, पोट सुटलेला इंजिनिअर, तित्तिर होऊन वर्ल्ड कपच्या फलकाखालून हात फडफडवत धावलो.

"ठो!"

मेल्याचं सोंग करताना मी खरोखरच घसरून पडलो. हसत हसत त्यांनी मला ओढून उभं केलं, तेही दुखऱ्या खांद्याच्या हाताने. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.