ठोक्यांची धास्ती

दादा गेला तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. ऑफिसला निघायचं म्हणून पलंगावर बसून मोजे घालत होता. एक मोजा पायात गेला, दुसरा हातातच राहिला. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला होता. तिला वाटलं, कसल्या तरी विचारात आहे. त्याला कुठलं व्यसन नव्हतं, वजनही बेताचंच होतं. तोपर्यंत हृदय हा शब्द मी कधी स्वतःच्या शरीराशी जोडलाच नव्हता.

त्यानंतर मात्र मला माझं हृदय ऐकू यायला लागलं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दुपारी वाचनकक्ष शांत झाला की पुस्तकांवर शिक्के मारता मारता मी मध्येच थांबायची आणि गळ्याशी बोटं लावून बसायची. जरा पित्त झालं तरी घाम फुटायचा. जिना चढताना पायऱ्यांवर लक्ष नसायचं, छातीत काय चाललंय याकडे असायचं. तीन-चार वर्षं अशीच गेली. शेवटी नवराच म्हणाला, "तू पळायला लाग. हृदय मजबूत होईल आणि ही भीतीही जाईल." आणि वाढदिवसाला त्यानं मला ठोके मोजणारं घड्याळ आणून दिलं.

घड्याळाबरोबर मी नियमही शिकले. सावकाश पळायचं, इतकं सावकाश की बोलता बोलता पळता यावं. माझ्यासाठी म्हणजे ठोके एकशे चाळीसच्या आसपास. त्यावर गेले की चालायचं, खाली आले की पुन्हा पळायचं. सकाळी उठल्यावर अंथरुणातच आकडा बघायचा. रोजच्यापेक्षा सात-आठ जास्त असला तर शरीर अजून थकलेलं आहे असं समजायचं आणि त्या दिवशी पळायचं नाही. थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती उतरतात तेही बघायचं. भराभर उतरले तर चांगलं.

शहाण्या माणसाला यातून धीर आला असता. मला मात्र भ्यायला एक आकडा मिळाला. एकशे चाळीसचे एकशे एक्केचाळीस झाले की मी घाबरायची, आणि घाबरले म्हणून एकशे अठ्ठेचाळीस व्हायचे. कधी कधी मी मनगट पाठीमागे धरून पळायची, घड्याळ दिसू नये म्हणून.

आम्ही शहराच्या टोकाला, बेसाला राहतो. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, अजून बरेच प्लॉट रिकामे आहेत आणि सकाळी तिथले रस्ते मोकळे असतात. तिथे माझ्याबरोबर पळायला मागच्या गल्लीतल्या ताई यायच्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. त्यांची कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत आहे, आणि नवऱ्याच्या बरोबरीनं त्या स्वतः तिथे बसतात. पोत्यात हात घालून मूठभर तूर बाहेर काढली की नुसतं बघून ती कुठल्या भागातली ते सांगणारी बाई. सलवार-कुडता, मुलाचे जुने बूट आणि अखंड बोलणं, असं त्यांचं पळणं. घड्याळाचा त्यांना राग होता.

"काहून वं, पुन्हा त्याच्यातच पाहून राहिली? रस्त्याकडं पाह्य, नाही तं पडशीन."

फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही अगदी सपाट रस्त्यावर, अगदी हळू पळत होतो. मी घड्याळात पाहिलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. पुन्हा पाहिलं, तेच. एका अर्धवट बांधकामासमोर गिट्टीचा ढीग होता, त्यावर मी बसले. हातापायांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. भिंतीला टेकून बसलेला दादा डोळ्यांसमोर आला. ताईंनी माझ्या नवऱ्याला फोन केला आणि अर्ध्या तासात आम्ही धंतोलीत एका हृदयाच्या डॉक्टरांसमोर होतो.

ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, दोन दिवसांनी फिरत्या पट्ट्यावर चालवून-पळवून तपासणी झाली. सगळं ठीक निघालं. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी माझं घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"हे मनगटातल्या रक्ताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. पळताना हात हलतो, पट्टा सैल असतो, आणि कधी कधी ते ठोक्यांऐवजी तुमची पावलंच मोजायला लागतं. आकडा बघायचाच असेल तर छातीला बांधायचा पट्टा घ्या. आणि शंका आली तर ही दोन बोटं वापरा."

त्यांनी माझ्या मनगटावर नाडी कुठे लागते ते दाखवलं आणि मिनिटभर मलाच मोजायला लावली.

ताईंना हा किस्सा इतका आवडला की त्यांनी तो लेआउटभर केला. "घड्याळानं पावलं मोजली न् बाईनं दवाखाना गाठला!" असं म्हणून मी छातीवर हात ठेवून गिट्टीवर कशी बसले तेही त्या करून दाखवायच्या. बायका हसायच्या, मीही हसायची. आतून मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी ठरवून टाकलं, आता काही झालं तरी असा तमाशा करायचा नाही.

छातीचा पट्टा घेतला आणि आकडे सरळ झाले. त्याच सुमारास ऊन तापायला लागलं. मार्चमध्येच सकाळी सात वाजता चटका बसू लागला. उन्हात त्याच वेगाला ठोके जास्त पडतात हे मला आता माहीत होतं, म्हणून मी आणखी हळू पळू लागले. आणि तरीही ताई मागे पडायला लागल्या.

आधी माझं लक्ष गेलं नाही. मग एक दिवस जाणवलं, की अख्खी फेरी झाली आणि ताई एक शब्द बोलल्या नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "ॲसिडिटी आहे वं. काल लग्नात जेवली." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उन्हाळा लागला." तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

चौथ्या दिवशी त्या आल्या, आणि स्वतःहून म्हणाल्या, "आण तुया पट्टा. आज मले बांध. पाहू तं माही गाडी कशी चालून राहिली."

त्यांच्या घरी परत जाऊन मी तो त्यांना बांधला. घड्याळ माझ्या हातात होतं, ठोके त्यांचे. गेटबाहेर पडून आम्ही नुसत्या चालायला लागलो तर आकडा एकशे तीस. जेमतेम शंभर पावलं हळूहळू पळालो आणि तो एकशे अडुसष्ट झाला. मग एकशे दहा. मग एकशे एकोणसाठ. मी थांबवलं. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक आहे, तिथे बसलो.

"किती आहे?" ताईंनी विचारलं.

"बघते," मी म्हणाले.

एक मिनिट झालं. माझे ठोके असते तर एव्हाना तीसएक खाली उतरले असते. ताईंचे एकशे बावन्न. मग एकशे एकतीस, मग एकशे छप्पन. तीन मिनिटं झाली, पाच झाली. ताई बाकाला टेकून बसल्या होत्या आणि आकडा वरखाली होत होता. मला वाटलं पट्टा कोरडा पडला असेल; कोरडा झाला की तो चुकीचं मोजतो. त्यांना आडोशाला नेऊन बाटलीतल्या पाण्यानं तो ओला केला, पुन्हा बांधला. एकशे चव्वेचाळीस. एकशे एकोणसत्तर.

तेव्हा मी जितकी भ्याले तितकी माझ्या स्वतःसाठीही कधी भ्याले नव्हते. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या भीतीतच दुसरी एक भीतीही होती. हेही खोटं निघालं तर? पुन्हा सगळा लेआउट हसेल. या वेळी तर मी दुसऱ्या बाईलाही घाबरवलेलं असेल. एक क्षण मला वाटलं, काही बोलूच नये. पट्टा खराब आहे म्हणावं आणि घरी जावं.

मी ताईंचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि दोन बोटं ठेवली. आधी मला माझेच ठोके बोटांच्या टोकांत जाणवत होते. मग त्यांची नाडी लागली. दोन ठोके लागोपाठ. मग काहीच नाही. मग तीन घाईघाईनं. मग एक इतका हलका की आला की नाही कळेना. मी मोजायचा प्रयत्न केला आणि मोजताच येईना. मग माझ्या मनगटावर बोटं ठेवली. भराभर, पण एकामागे एक, सारख्या अंतरानं. पुन्हा त्यांच्या. शंका राहिली नाही.

"ताई, दवाखान्यात जाऊ."

"कायले? त्या घड्याळाच्या भानगडीत मले नको पाडू."

"घड्याळ नाही ताई. बोटांना लागतंय."

त्यांनी हात ओढून घेतला. "मले काही झालं नाही."

"श्वास लागतो का?"

समोरून दूधवाला मोटरसायकलवर गेला. तो वळेपर्यंत त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"जिना चढली का छातीत फडफड होते," अखेर त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले. परवा दुकानात उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली तं पोत्याले धरलं."

"आणि सांगितलं नाही कोणाला?"

"कोणाले सांगू? तुले? तू तं भेवानंच मेली असती."

त्या हसल्या नाहीत. तेव्हा मला कळलं की त्याही घाबरलेल्या आहेत, आणि पट्टा मागून घेतला तो गंमत म्हणून नव्हे.

त्यांच्या घरचं कोणी कळमन्याहून येईपर्यंत तास गेला असता. माझ्या नवऱ्यानं गाडी काढली. ताई म्हणाल्या, साडी तरी नेसू द्या, अशी कशी जाऊ? मी नाही म्हणाले. आयुष्यात त्यांना पहिल्यांदाच मी नाही म्हटलं असेल. वाटेत अजनी येईपर्यंत त्या सुनेला फोनवर सांगत होत्या, कुकर लावून ठेव, मी येतेच. मग फोन बंद करून त्यांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा थंडगार आणि ओला होता. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण माझ्या तोंडाकडे पाहिलं असतं तर त्यांचा उरलासुरला धीरही गेला असता.

तेच डॉक्टर होते. मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर एक हसू यायला लागलं, ते ताईंचा हात धरताच थांबलं. ईसीजीचा कागद बाहेर आला. त्यावरच्या रेघा मला वाचता येत नाहीत, पण दोन टोकांमधलं अंतर कुठेच सारखं नव्हतं, एवढं मलाही दिसलं.

"हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय सुटली आहे," ते म्हणाले. "अशा वेळी आत रक्त साकळतं, गुठळी होते. ती मेंदूकडे गेली तर लकवा. किती दिवस झाले हे?"

"पंधरा दिवस," ताईंच्या ऐवजी मीच सांगितलं.

ताई तीन दिवस तिथे होत्या. रक्त पातळ ठेवायचं औषध सुरू झालं, ठोके आवरायचं औषध सुरू झालं. तपासणीत थायरॉईड खूप वाढलेलं निघालं. बहुतेक सगळ्याचं मूळ तेच, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ताईंनी केलं नाही. घरी आल्यावर मी भेटायला गेले तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. म्हणाल्या, "आता दुकानात कोणी पोत्याले हात लावू देत नाही. सून चपला हातात आणून देते. मले म्हातारी करून ठेवलं तू." त्यानंतर दोन महिने त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मीही पळणं सोडलं. झोप उडाली, सकाळचा आकडा चौसष्टवरून पंच्याहत्तरवर गेला. या वेळी त्याचं कारण मला स्पष्ट दिसत होतं. त्या बाकावर गप्प बसले असते तर काय झालं असतं, हेच मी रोज पहाटे पडल्या पडल्या मोजत होते. नवऱ्यालाही मी ते सांगितलं नव्हतं.

जूनच्या अखेरीस एका सकाळी दाराची बेल वाजली. ताई. पायात नवे बूट.

"डॉक्टरनं चालाले सांगतलं. एकटी जाऊ का आता?"

चालता चालता मी त्यांना बाकावरचा तो क्षण सांगून टाकला. पट्टा खराब आहे म्हणून घरी जाणार होते, हसण्याच्या भीतीनं. त्या थांबल्या. मला वाटलं, आता परत फिरतील.

"अन् मी तं पंधरा दिवस गप्प होती," त्या म्हणाल्या. "तू पाचच मिन्टं होती."

पुढचे काही महिने आम्ही नुसत्या चाललो. ताईंची लय जागेवर आली, थायरॉईड आटोक्यात आलं. दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्यांना हळूहळू पळायची परवानगी दिली, ठोके एकशे वीसच्या आत ठेवायच्या अटीवर. आता त्यांचा स्वतःचा पट्टा आहे, घड्याळही आहे. पळायच्या पहिल्या दिवशी विजेच्या दोन खांबांमधलं अंतर त्या पळाल्या, फार तर चाळीस पावलं, आणि सबंध वेळ बोलत होत्या. मी बाजूनं पळत होते. त्या थांबल्या, घड्याळात पाहिलं, आणि मला म्हणाल्या, "एकशे सोळा. चाल, आणखी एक खांब."