मालगाडीवाल्या भाऊंचा साल्सा

“सिग्नल हरा!” असं मोठ्यानं म्हणत भाऊ उजवा हात सरळ समोर करायचे, आणि मगच डावं पाऊल उचलायचे. तीस वर्षं मालगाडी चालवलेला माणूस. इंजिनात प्रत्येक सिग्नल हात दाखवून म्हणायचा असतो, आणि सोबत्यानं तो पुन्हा म्हणायचा असतो. पहिल्या दिवशी ते माझ्याकडे बघतच राहिले. “ताई, तुम्ही म्हटलं नाही तर मी निघू कसा?” मग मीही म्हटलं, “हरा.” अशी आमची साल्साची गाडी सुटली.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत, भांड्यांच्या दुकानाच्या वर रविवारी हा साल्सा नाचाचा क्लास असतो. शिकवणारी पंचविशीतली पोरगी, घरची मराठी, पण तोंड उघडलं की हिंदी. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, शेजारच्या ब्राह्मणपाऱ्यातली गणिताची बाई. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं होतं आणि मला चालण्याचा भारी कंटाळा, म्हणून इथे आले. भाऊ चौपन्नचे. बाकी सगळे आमच्या निम्म्या वयाचे. जोड्या दर गाण्याला बदलत, आणि फिरत फिरत भाऊ वाट्याला आले की मला हायसं वाटे. चुकायलाही सोबत लागते हो.

ड्युटीचे काळे बूट चकचकीत पॉलिश करून ते येत. मोजणीवर त्यांचा मोठा आक्षेप होता. साल्सात एक-दोन-तीन झालं की चौथ्या ठोक्याला थांबतात, आणि मग पाच-सहा-सात.

“चार काहून गाळून राहिल्या, म्याडम?”

“अंकल, वहाँ रुकना है।”

“मंग हॉल्ट म्हणा ना!”

पुढच्या रविवारपासून सगळा क्लास ‘एक, दोन, तीन, हॉल्ट’ म्हणू लागला.

पण एक स्टेप त्यांना काही केल्या जमेना. जोडीदारीण समोरून सरळ चालत येते. पुरुषानं तिच्या वाटेतून बाजूला होऊन तिला पलीकडे जाऊ द्यायचं. मी दोन पावलं टाकली की भाऊ जागीच खिळत. त्यांचा हात माझ्या हातातून सुटून हवेतच काहीतरी खेचू लागे.

“अंकल, फिर ब्रेक मारा?” पोरगी म्हणाली. सगळे हसले. मीही हसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर त्यांनी जिन्यात मला सांगितलं. चार महिन्यांपूर्वी एका वळणावर एक बाई रुळांवरून चालत त्यांच्या गाडीसमोर आली होती.

“हॉर्न मारला, ब्रेक मारला. भरलेली मालगाडी हाय ताई, अशी उभी राहते का? ती माह्याकडंच पाहून राहिली होती.” मग म्हणाले, “गाडीले बाजूला होता येत नाही.”

चौकशीत त्यांचा दोष निघाला नव्हता. पण तेव्हापासून ते इंजिनात चढत आणि तसेच खाली उतरत. दोन महिन्यांत साहेबांना उत्तर द्यायचं होतं: पुन्हा इंजिन, की निवृत्तीपर्यंत ऑफिसातलं टेबल. घरात नुसते बसून राहतात म्हणून मुलीनं त्यांचं नाव क्लासात घातलं होतं.

“पोट्टीले काय माहीत, इथं बी बाई समोरूनच येते!”

“ती एक स्टेप सोडून द्या ना, भाऊ.”

“नाही. तेच शिकायचं हाय मले. तुम्ही येत राहा.”

मग दर रविवारी क्लास सुटल्यावर, गाणं न लावता, मी त्यांच्या दिशेनं चालत राहिले आणि ते खिळत राहिले. आपण या माणसाला पुन्हा पुन्हा त्या वळणावर नेऊन उभं करतोय, या विचारानं मी मध्येच थांबायची. तेच म्हणत, “हव ताई, या.” धाडस इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

सहाव्या रविवारी, भर क्लासात, गाणं चालू असताना मी निघाले. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर होती. आणि त्यांचा पाय बाजूला पडला, अंग वळलं, वाट मोकळी झाली. मी पलीकडे पोचले.

“गेल्या ना तुम्ही?”

“गेले, भाऊ.”

एवढ्या वयात, एवढं सोसल्यावर, माणसाचं शरीर असं काही नव्यानं शिकू शकतं!

मुदत संपली तेव्हा त्यांनी इंजिनच मागून घेतलं. मालगाडीला रविवार नसतो, त्यामुळे क्लास सुटला तो सुटलाच. मला आठवतात ते त्या सहाव्या रविवारचे भाऊ. गाणं थांबलं, पोरं पाणी प्यायला गेली, तरी ते मधली फरशी मोकळी ठेवून भिंतीशी उभेच.

“चला ना, भाऊ,” मी म्हटलं.

“थांबा ताई,” ते हळूच म्हणाले, “तिले जाऊ द्या.”