नबीलालची पहार

डाळीला फोडणी घालत होते, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. वीज गेलेली, म्हणून बेल नाही, हे कळलं. पण आमचा वॉचमन नबीलाल असं दार बडवणारा नव्हे.

"ताई, शरिफा लिफ्टात अडकलीया. साहेबांना बोलवा, दोघं मिळून वढू."

शरिफा त्याची बायको. केडगावच्या आमच्या या इमारतीत घरोघरी पोळ्या करते. दम्यामुळे जिना टाळते. लिफ्ट आमच्या मजल्याच्या जरा खाली अडकली होती. नबीलालनं पहारीनं दार हातभर उघडलंच होतं. आतून तिची घरघर ऐकू येत होती. माझे मिस्टर तिचा पंप आणायला खाली धावले.

नबीलाल मूळचा घोडेगावचा. बाजारात टेम्पोत म्हशी चढवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. अडलेलं जनावर ओढूनच काढायचं, ही सवय हातात मुरलेली. गेल्या वर्षी लिफ्टमध्ये अडकलेल्या शेजारच्या यशया सरांना त्यानं असंच वर ओढलं, तेव्हा सोसायटीनं शाल-नारळ देऊन सत्कार केला होता.

मी लिफ्टवाल्याला फोन लावला.

"निघालोच. पण ओढू नका," तो म्हणाला. "वीज येऊन लिफ्ट हलली तर बाई दारातच चिरडेल. लिफ्टचा वरचा मेन स्विच आधी पाडा. त्यांना दारापासून लांब बसवा."

स्विच गच्चीवरच्या खोलीत. गच्चीला कुलूप. कुरडया वाळवण्यावरून भांडणं झाल्यापासून किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरी विजयमालाबाईंकडे, आणि बाई संगमनेरला लग्नाला.

"तवर ती मरंल, ताई." त्यानं फटीतून हात घातला. तिनं तो घट्ट धरला.

"नबीलालभाई, सोडा. वीज कधीही येईल."

"तुमचं मानूस आत असतं तर?"

आतून शरिफाच म्हणाली, "आवो, जावा. मी बसते मागं सरून." आणि तिनं हात सोडला.

तो पहार घेऊन जिना चढला. कुलपावर घाव पडत राहिले. मग वरून हाक आली, "पाडला स्विच." तेव्हाच मिस्टरांनी फटीतून पंप आत दिला. थोड्या वेळानं माझ्या स्वयंपाकघरात दिवा लागला, फ्रिज घुरघुरला. लिफ्ट जागची हलली नाही.

लिफ्टवाल्यानं वरून हातानं चाक फिरवत लिफ्ट मजल्याला आणली. शरिफा माझ्या उंबऱ्यावर टेकली, नुसती श्वास घेत. नबीलालच्या मुठीत तुटकं कुलूप होतं. माझ्याकडं न बघता तो म्हणाला,

"ताई, नव्या कुलपाची किल्ली खाली माझ्या खुर्चीमागं, खिळ्याला राहू द्या."