सासूबाईंनी तपासलेलं सर्किट

लेसरनं लाकडावर नक्षी कोरणारं यंत्र घरीच बनवायचं, हे वेड माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा घरातल्या कुणीच मला अडवलं नाही. मी वाळूजच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासते. त्यामुळं सगळ्यांना वाटलं, हिला कळत असेल. जुन्या प्रिंटरच्या मोटारी आणि पट्टे जोडून सांगाडा उभा राहिला. गाडी अडली ती लेसरला करंट पुरवणाऱ्या सर्किटपाशी, म्हणजे ड्रायव्हरपाशी.

लेसरचा डायोड भलताच नाजूक. गरम झाला की जास्त करंट ओढतो, जास्त ओढला की आणखी गरम होतो आणि बघता बघता कायमचा गप्प होतो. त्यानं कितीही मागितलं तरी ठरलेलाच घास द्यायचा, हे ड्रायव्हरचं काम. माझा पहिला डायोड एका सैल तारेपायी गेला. दुसरा देताना पैठण गेटचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, इसकू जरा संभालके. बहुत नखरे हैं इसके."

या वेळी मी ड्रायव्हर निगुतीनं बांधला. रविवारी सकाळी यंत्र सुरू केलं. मी लेसरपासून डोळे वाचवणारा नारिंगी चष्मा लावला, तसाच दुसरा सासूबाईंना दिला. त्या मूळच्या कन्नड तालुक्यातल्या; नव्या गोष्टीचं त्यांना भारी कौतुक. चष्मा लावून आधी आरशात बघून आल्या, मग दाराशी मेथी निवडत बसल्या. प्लायवर मोराचा पिसारा उमटत होता, तेवढ्यात लाइट गेली. मी चहा टाकायला आत गेले. लाइट आली, लुकलुकली, परत गेली, परत आली. आणि बाहेरून आवाज आला, "पोरी, तुझा मोर जळतोय!"

मी धावले. तोवर सासूबाईंनी यंत्राकडं पाठ करून भिंतीवरचं बटण बंद केलं होतं. चष्मा डोळ्यांवर तसाच होता. प्लायला आरपार भोक पडलं होतं आणि खोलीभर धूर.

"आई, उजेडाकडं बघितलं का तुम्ही?" मी आधी त्यांच्यापाशी गेले.

"नाय गं. धूर बघितला अन् उठले." मग पुन्हा मेथीशी बसत म्हणाल्या, "पण हे लई आगाव यंत्र हाय. लाइट आल्याबरोबर कामाला लागतं व्हय? माणूस झोपंतून उठला तर आधी तोंड धुतो."

त्या हसत होत्या, मी मात्र तारा तपासायला बसले. झालं होतं ते असं: लाइटच्या त्या लपंडावात यंत्राला हुकूम देणारा कंट्रोलर अडखळला आणि जागा झालाच नाही. ड्रायव्हरला हुकूम देणारी तार अधांतरी राहिली. आणि हुकूम नाही म्हणजे चालू, असा त्या ड्रायव्हरनं सोयीचा अर्थ लावला.

मी सगळं सोडवलं. हुकमाची तार एका छोट्या रेझिस्टरनं सर्किटच्या जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, बांधली; आता हुकूम नाही म्हणजे बंद. एक रिले घातला, म्हणजे लाइट गेली की लेसरचा पुरवठा तुटणार आणि कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत जोडला जाणार नाही. वरून पत्र्याची पेटी केली, तिच्या झाकणाला स्विच लावला. लेसर जोडण्याआधी त्याच्या जागी साध्या डायोडची माळ लावून करंट मोजत बसले. मीटरचा काटा ठरलेल्या आकड्यावरून हलेना, तेव्हा कुठं जीव थाऱ्यावर आला.

तपासणी मात्र सासूबाईंनी स्वतःकडं घेतली. चष्मा लावायच्या आणि काम रंगात आलं की टपकन झाकण उघडायच्या. लेसर बंद! झाकण लावायच्या, भिंतीवरचं बटण बंद-चालू करायच्या. लेसर बंदच! आमच्या कारखान्यातला कुठलाच साहेब एवढा छळत नाही. अखेर त्यांनी निकाल दिला, "आता शहाणं झालं."

"मग पहिलं काम तुमचं," मी म्हटलं. "काय कोरू?"

त्या आतून पोळपाट घेऊन आल्या. "याच्या खालच्या बाजूला माझं नाव घाल."

मी टाइप करायला लागले, तर म्हणाल्या, "ते नाय. ते लग्नात ठेवलेलं. माझं, माहेरचं."

ते नाव मला माहीत नव्हतं. नवऱ्याला विचारलं, त्यालाही नीट आठवेना. सासूबाईंनी ते हळूच सांगितलं, जरा लाजून. मी पेटीचं झाकण लावलं आणि हिरवं बटण त्यांना दाबायला दिलं. अक्षरं एकेक करून उमटली. लाकूड जळाल्याचा खमंग वास सुटला होता. पोळपाट हातात आल्यावर त्यांनी फुंकर मारून काजळी उडवली आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात कन्नडहून त्यांचे थोरले भाऊ आले. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी पोळपाट उलटा करून त्यांच्यापुढं धरला. मामांनी चष्मा पुसला, वाचलं आणि घर दणाणेल अशी त्या नावानं हाक मारली.

"ओ!" सासूबाई समोरच बसलेल्या असूनही तितक्याच जोरात ओरडल्या.