मास्कचं माप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपलेलं नाही, असं ती समजते.

गोंदियात कॉलेजच्या प्रयोगशाळेत छाया आणि मी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो. मी मुर्रीचा, ती केशोरीची. काम टँडम सोलर सेलचं — सिलिकॉनच्या सेलवर पेरोव्स्काइटचा पातळ थर चढवायचा आणि त्या दोन्ही थरांनी मिळून उन्हातून जास्त वीज काढायची. थर मोठा नाजूक. जरा दमट हवा लागली की गेला.

सेल मोजताना त्यावर भोक पाडलेला काळा पत्रा ठेवतात. मास्क म्हणतात त्याला. भोकातून जाईल तेवढाच उजेड धरायचा. माझा मास्क मी बाजारात नेमप्लेटवाल्याकडून कापून घेतला होता. "इतना तो चलता है, भैया," म्हणाला तो. मला तरी मोजून बघायची सवड कुठे होती? उन्हातून किती टक्के वीज निघाली त्याचा आकडा असा आला की सरांनी पेढे मागवले.

आठवड्याभराने ते भोक मायक्रोस्कोपखाली धरलं. वहीत लिहिलं होतं त्यापेक्षा मोठं होतं. म्हणजे उजेड जास्त, म्हणून वीज जास्त — माझी कर्तबगारी काहीच नाही. इथवर चूक होती, आणि चूक कुणाचीही होते. पण मी सरांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तिथून पुढचं सगळं मी जाणूनबुजून केलं.

सरांनी छायाला सांगितलं, आधी याच्याइतका आकडा आण, मग पुढे जाऊ. तिचा मास्क बाहेरून मागवलेला, बरोबर मापाचा. तो आकडा येणार कुठून? दोन वर्षं ती माझ्या वहीतली कृती जशीच्या तशी करत राहिली. विचारायचीही मलाच. "काऊन बिघडून राहिलं गा माझ्याच हातून?" आणि मी — लिहितानाही लाज वाटते — मी म्हणालो, "तुझ्या हाताले घाम येते. थर खराब होते त्यानं." तिनं ते खरं मानलं. एकावर एक दोन हातमोजे घालायला लागली.

एकदा ती जेवायला गेलेली असताना मी तिचा सेल माझ्या मास्कखाली मोजला. माझ्यापेक्षा सरस निघाला. मग तरी का नाही बोललो? भीती होती, हे खरं. पण तिच्यामागे पडणं मला सोसणार नव्हतं — हे जास्त खरं. तिनं माझ्यावर विश्वास टाकला आणि मी तिचा घात केला. त्याच आकड्यावर आज माझी नोकरी आहे.

शेवटी तिनं काम सोडलं. अर्ज सरांना देण्याआधी मला वाचायला दिला. तिथं तिला आपलं वाटावं असा मी एकटाच होतो. माझ्या हाताला हे काम जमत नाही, असं लिहिलं होतं त्यात. मी वाचलं. ठीक आहे, म्हटलं. तिचं पेन चालेना, म्हणून सही करायला माझं दिलं.